डिस्क फ्रीझरमध्ये, जीव टांगणीला

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. लॅपटॉप बंद केलेला, वीकएंड मूड ऑन, पिझ्झा की थालीपीठ एवढाच काय तो आयुष्यातला प्रश्न उरलेला. तेवढ्यात फोन. इंदापूरचा मामेभाऊ.

"ताई, एक आवाज ऐक," एवढंच बोलून त्याने फोन कुठेतरी टेकवला. पलीकडून आलं... टक्. टक्. टक्. मग बारीकशी घरघर. मग शांतता. आणि पुन्हा टक्. टक्. टक्.

"ऐकलंस का? सकाळपासनं असंच करतीय हार्ड डिस्क."

"वायर काढ तिची. आत्ताच्या आत्ता."

"काढलीच होती गं. तुला ऐकवायला परत लावली."

आता एक खुलासा. मी आयटीत आहे, पण सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हा माझा धंदा. (सासूबाई होण्याची पूर्वतयारी, असं माझा टीमलीड म्हणतो.) पण आमच्या खानदानात 'ताई कॉम्प्युटरवाली' म्हटल्यावर प्रिंटरच्या शाईपासून मामाच्या मोबाइलवर साठलेल्या गुड मॉर्निंगच्या गुलाबांपर्यंत सगळं माझ्याच खात्यात जमा. त्यातून दोन वर्षांपूर्वी मी एक पराक्रम केला होता, त्यामुळे तर मला थेट डॉक्टरकीच बहाल झाली होती.

झालं होतं असं, की माझ्या जुन्या लॅपटॉपची ५०० जीबीची डिस्क एकाएकी संथ झाली. फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं. आवाज मात्र काही नाही. बॅकअप? तो आपण 'या रविवारी नक्की' घेणार असतो ना, तसलाच. मग मी एका पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकलं, त्यावरून मशिन सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. त्याचा फंडा मला फार आवडतो. परीक्षेत हुशार मुलं करतात तेच तो करतो: आधी सोपे प्रश्न सोडवून घ्यायचे, अडलं की तिथे खूण करून पुढे जायचं, आणि सगळं सोपं संपलं की मागे येऊन अवघडाशी झटायचं. कुठवर आलो याची नोंद तो एका फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे मधेच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. दोन रात्री आणि एक अख्खा रविवार गेला, पण डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरली. मग मूळ डिस्क ठेवली बाजूला आणि जे काही खटाटोप करायचे ते नकलेवर केले. पंधरा-वीस फोटो अर्धे करडे आले, बाकी सगळं हाती लागलं. खर्च, नव्या डिस्कचा तेवढा. त्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये कॉलर टाइट करून फिरत होते.

तर त्याच तोऱ्यात शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. अर्ध्या तिकिटात, हे वेगळं सांगायला नको! पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, तो पेन ड्राइव्ह, एक कोरी डिस्क आणि भरपूर आत्मविश्वास.

मामाकडे पोचले, हातपाय धुतले, विचारलं, "डिस्क कुठाय?" मामी म्हणाली, "आगं, ती फ्रीझरमध्ये ठेवलीय की. चिलापीच्या पिशवीखाली बघ."

उजनीच्या चिलापीखाली माझ्या भावाची चार वर्षांची कमाई गारठत पडली होती! कुणीतरी त्याला एक व्हिडिओ पाठवला होता, डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी चालू होते. हा उपाय अगदीच हवेतला नाही. फार जुन्या डिस्कमध्ये एखादा भाग अडकला असेल, तर थंडीने धातू आकसून तो क्षणभर सुटायचा, आणि तेवढ्या वेळात कुणीकुणी काही फाइल ओढून घ्यायचे. पण फ्रीझरमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्यावर काय जमतं ते आपण रोज बघतो. तेच दव डिस्कच्या तबकडीवर जमलं आणि आपण वीज दिली, तर जे वाचायचं ते तिथेच पुसलं जातं. मी ती पिशवी बाहेर काढली आणि न उघडता तशीच तासन्‌तास ठेवून दिली, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. दरम्यान मामीने चिलापी तळली. मासा वाया गेला नाही.

मग भावाच्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे बाजारपेठेतला एक गाळा. लग्नं, बारशी, वास्तुशांती, वाढदिवस, सगळ्याचे फोटो आणि शूटिंग. दोन टीबीची एकच पोर्टेबल डिस्क, आणि तिच्यात सगळं. ती महिनाभरापूर्वी टेबलावरून पडली होती. पडल्यावरही चालली, म्हणून हा वापरत राहिला. मग कॉपी अडकायला लागली, तेव्हा विंडोजने विचारलं 'डिस्क तपासून दुरुस्त करू का?' आणि याने 'हो' दाबलं. मी कपाळावर हात मारला. मरणाऱ्या डिस्कला तपासायला लावणं म्हणजे छातीत कळ आलेल्या माणसाला स्ट्रेस टेस्टसाठी ट्रेडमिलवर चढवणं. ती दुरुस्ती डिस्कची नसतेच. फक्त फाइलींची यादी नीट करायचा तो प्रयत्न असतो, आणि त्यासाठी डिस्कवर वाचणं-लिहिणं दोन्ही होतं.

गाळ्याच्या दारात स्टुलावर एक मुलगा बसला होता. पंचविशीचा असेल. मला वाटलं, गिऱ्हाईक. भाऊ हळूच म्हणाला, "याच्या बहिणीचं लग्न मी शूट केलं. बाराव्या दिवशी वडील गेले. अजून अल्बम दिला नव्हता, व्हिडिओ तर एडिटलाच होता." वडिलांचे मोबाइलमधले फोटो होते म्हणा, पण हिंडता-फिरता, बोलताना असा व्हिडिओ तेवढाच. "रोज येतो. ओरडत नाही, काही नाही. बसतो आणि जातो. ओरडला असता तर बरं झालं असतं."

इथे मला शहाणपणाने वागायला हवं होतं. तो टक्-टक् आवाज काय सांगतो ते मला माहीत होतं. पण पाठीवरच्या सॅकमध्ये पेन ड्राइव्ह होता, दारात तो मुलगा होता, आणि मागे मिळालेली ती डॉक्टरकी! म्हटलं, एकदाच लावून बघू. लावली. टक् टक् टक्, बंद. दुसरी वायर. टक् टक् टक्, बंद. डिस्क जरा तिरकी धरून... खरं सांगते, मी चार वेळा लावली. चौथ्या वेळी टक्-टक्च्या आधी एक खरखर ऐकू आली, पातेलं घासल्यासारखी. मग मात्र हात थांबला. पोटात गोळा आला तो पुढचे अकरा दिवस गेला नाही.

ही खरखर म्हणजे काय, ते सांगते. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. असल्या छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेऱ्या मारतात, म्हणजे कडेचा वेग ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास, सोलापूर रोडवरच्या आपल्या लाल डब्याएवढा. त्यांच्यावरून हेड नावाचा वाचणारा चिमुकला भाग हवेवर तरंगत जातो, आणि दोघांमधलं अंतर असतं मोजक्या काही नॅनोमीटरचं. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या घरात जातो. म्हणजे साधा धुळीचा कणही तिथे दरडीसारखा. डिस्क पडली, हेड वाकडं झालं, की त्याला आपली जागा सापडत नाही. ते मागे जातं, पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा मागे. तेच ते टक् टक् टक्. आणि वाकडं हेड तबकडीला टेकलं की ते तिच्यावरचा चुंबकीय थर खरवडून काढतं. त्या थरातच लग्न असतं. खरवडलेली पूड परत आणायचं सॉफ्टवेअर जगात कुणाकडेच नाही, पुण्यात नाही आणि अमेरिकेतही नाही.

माझ्या लॅपटॉपच्या डिस्कचं दुखणं वेगळं होतं. तिचं हेड धड होतं, काही जागा तेवढ्या खराब झाल्या होत्या. आवाज नाही, डिस्क ओळखली जातेय, नुसती रखडतेय, तर घरी नक्कल काढायचा प्रयत्न करायला हरकत नाही. आणि तोही जीव अडकलेला डेटा नसेल तरच. चुकून डिलीट झालेल्या फाइलींचं तर आणखी सोपं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ कसं, उजनीत बुडालंय पण पाणी उतरलं की जागच्या जागी उभं दिसतं. तशी डिलीट केलेली फाइल त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असते. म्हणून तिथे काही लिहायचं नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकायचं नाही. फोटोरेकसारखा फुकट प्रोग्रॅम फोटो बरेचदा शोधून देतो. नावं जातात, चेहरे मिळतात. (हे फिरत्या तबकडीच्या डिस्कचं. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडी डिलीट केलेली जागा बहुतेक वेळा स्वतःच आतून साफ करून टाकतात. तिथे देऊळ पाण्याखाली राहत नाही, दगडसुद्धा उचलून नेलेले असतात.)

असो. मामा म्हणाला, "बारामतीला जाऊन येऊ. बारामतीत काय मिळत न्हाई?" एक ओळखीचा दुरुस्तीवाला होता. दुपारी निघालो. निमगाव केतकी, लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर... जंक्शनला वालचंदनगरचा फाटा दिसला आणि मनात आलं, इथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग तयार झालीत, आणि आपल्याला एक तळहाताएवढी डबी उघडायला जागा सापडत नाहीये. उत्तर मला नंतर कळलं. लोखंड कितीही अचूक कापता येईल, पण हवा?

बारामतीतला तो दुरुस्तीवाला पन्नाशीचा. डिस्क हातात घेतली, कानाशी लावून हलकेच हलवली, परत दिली. मला वाटलं आता 'दोन हजारात करून देतो' म्हणेल. म्हणाला, "ताई, मी उघडली तर माझे दोन हजार होतील. तुमचं काम नाही होणार."

आणि मग त्याने कऱ्हेच्या पुराची गोष्ट सांगितली. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकरांना आंबिल ओढ्यामुळे आठवते. त्याच पावसात इकडे नाझरे धरणातून पाणी सुटलं, कऱ्हेला पूर आला, बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना हलवावं लागलं. नंतरच्या आठवड्यात त्याच्याकडे भिजलेल्या कॉम्प्युटरची रांग. "लोकांनी डिस्का उन्हात वाळवून आणल्या. कुणी केसांच्या ड्रायरनं. कुणी तांदळात पुरून. वाळवून, पुसून, चकाचक! आणि लावल्या की खर्रर्र." डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, शेजारी 'झाकू नका' असं छापलेलं असतं. पुराचं पाणी तिथून आत जातं, आणि पाणी वाळलं की गाळ तबकडीवर पापुद्र्यासारखा बसतो. "मीपण पहिल्या तीन-चार तशाच घालवल्या," तो म्हणाला. स्वतःहून म्हणाला, हे विशेष. मग त्याला कुणीतरी सांगितलं, की भिजलेली डिस्क वाळवायचीच नाही. ओली आहे तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि लवकरात लवकर लॅबला पोचवायची. "तेव्हापासून मी आवाज करणारी आणि भिजलेली घेत नाही. चहा घ्या."

दुकानात उघडलेल्या डिस्कचं काय होतं, हे त्याने चहा घेता घेता सांगितलं. लॅबमध्ये ज्या जागी डिस्क उघडतात तिथल्या एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या आत असावे लागतात. साध्या खोलीत ते लाखांत असतात. मी लगेच पुढचा हुकमी उपाय काढला, "मग खालचं सर्किट बोर्ड बदललं तर? तसल्याच दुसऱ्या डिस्कचं?" तोही व्हिडिओंतला लाडका उपाय. तो हसला. आजकाल त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्या-त्या डिस्कची स्वतःची मापं लिहिलेली असतात. दुसरीचं बोर्ड लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं.

त्या रात्री इंदापूरला गच्चीवर झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत पडले. कोलंबिया यान आठवतंय? कल्पना चावलाचं. १ फेब्रुवारी २००३ ला ते परतताना आकाशात फुटलं. त्यात एका प्रयोगाच्या नोंदी ठेवणारी छोटी हार्ड डिस्क होती. साधारण सहा महिन्यांनी ती टेक्सासमधल्या एका आटलेल्या तळ्यात मिळाली, जळून कोळसा झालेली. अमेरिकेतल्या एका डेटा रिकव्हरी कंपनीने तबकड्या काढल्या, धुतल्या, दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा वाचला. झेनॉन वायूवरचा तो प्रयोग २००८ मध्ये शोधनिबंध म्हणून छापूनही आला. वाचून मला इतका हुरूप आला, की भावाला उठवून सांगावंसं वाटलं. मग पुढची ओळ वाचली: त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच मिळालं नव्हतं. नाही उठवलं.

सोमवारी रजा टाकली आणि पुण्यातल्या एका लॅबमध्ये डिस्क दिली. दोन दिवसांनी निदान आलं. चारपैकी एक हेड मोडलंय, एका पृष्ठभागावर ओरखडा आहे, बाकी तीन बरे. खर्च बावीस हजार, वर जीएसटी, आणि डोनर डिस्कचे वेगळे. डोनर म्हणजे अगदी तोच मॉडेल, शक्य तर जवळच्याच तारखेला बनलेली दुसरी डिस्क. तिची हेडं काढून हिला लावायची. अवयवदानच म्हणा ना!

आकडा ऐकून मामा म्हणाला, "त्या लग्नाचे तू घेतले तीस हजार. त्यातले आठ उरले." हिशोब बरोबर होता. तो दारातला मुलगा म्हणाला, "पैसे मी देतो." भाऊ म्हणाला, "पाडली मी, मीच देणार." ड्रोनचा विचार पुढच्या सीझनवर गेला.

पैशाचं बोलायचं तर, माझं मत स्पष्ट आहे. आत काय आहे आणि त्याला आपण किती मोजू, हा आकडा डिस्कला हात लावायच्या आधी ठरवावा. पाच हजारसुद्धा मोजावेसे वाटत नसतील तर बिनधास्त घरी खेळा, शिकाल तरी. पण पन्नास मोजायची तयारी असेल तर पहिला प्रयत्नच लॅबचा हवा, चौथा नाही. मी उलटं केलं. आणि लॅब म्हणजे सगळे साधुसंत असं नाही. तपासणीचे पैसे किती, काहीच मिळालं नाही तर किती, डिस्क उघडायच्या आधी लेखी कोटेशन देणार का, पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, डेटा गुप्त ठेवण्याचं लिहून देणार का, हे विचारायचं. लोकांच्या घरची लग्नं आहेत ती. फोनवरच 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडायचं. कंपनीच्या वॉरंटीचं म्हणाल, तर तिच्यात डिस्क बदलून मिळते. नवी कोरी आणि रिकामी. काही कंपन्या रिकव्हरीची वेगळी योजना डिस्कबरोबर देतात. आपला खोका एकदा वाचून बघा.

मजा म्हणजे लॅबमधला इंजिनीअर शेवटी तेच करतो जे मी घरी केलं होतं: आधी नक्कल. फक्त त्याच्याकडे पीसी-३००० नावाची मूळ रशियन यंत्रणा होती, जिच्यातून कोणत्या हेडने वाचायचं, कोणतं बंद ठेवायचं, हे ठरवता येतं. आणि त्याने फोनवर विचारलेला प्रश्न मला कुठल्याही प्रोग्रॅमने विचारला नव्हता. "मॅडम, डोनरची हेडं किती वेळ टिकतील सांगता येत नाही. तासभर टिकतील, आठवडाभर टिकतील. कोणतं फोल्डर आधी घेऊ? यादी पाठवा."

मी भावाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. दोनशेच्या वर फोल्डर होते. मग त्याने ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केली आणि फोटो काढून पाठवला. एक नंबरला ते लग्न. दोन ते सात, अजून द्यायच्या राहिलेल्या ऑर्डरी. आठव्या नंबरला त्याच्या स्वतःच्या मुलीचं बारसं. आधी ते चौथ्या नंबरला होतं, खोडून खाली घेतलेलं दिसत होतं.

"अरे, बारसं वर घे की," मी म्हटलं.

"लोकांचे पैसे घेतलेत, ताई."

अकरा दिवस लागले. मधल्या काळात मी ऑफिसमध्ये बसून डिस्क मरण्याच्या गोष्टी वाचत होते. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते, त्यांत मेलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी आधी कसलीच कुरकुर केलेली नव्हती. तेव्हा आमची महिनाभर टक्-टक् करायच्या आधी रखडत तरी होती, म्हणजे तशी सज्जनच म्हणायची.

बाराव्या दिवशी यादी आली. डोनरची हेडं सहा दिवस टिकली होती. एक ते सात नंबरचे फोटो जवळजवळ सगळे. व्हिडिओ भोकं पडलेले. याचं कारणही इंजिनीअरने सांगितलं: फोटो लहान असतो, बरेचदा एकाच पृष्ठभागावर मावतो, मोठा व्हिडिओ मात्र चारही पृष्ठभागांवर विखुरलेला असतो. एका पृष्ठभागावर ओरखडा म्हणजे व्हिडिओत ठरावीक अंतराने खड्डे. ओरखडा किती पडण्याचा आणि किती माझ्या चार वेळा लावण्याचा, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

डिस्क घेऊन इंदापूरला गेले. तो मुलगा स्टुलावर होताच. त्या लग्नातल्या मंगलाष्टकांच्या क्लिपमध्ये पहिली दोन कडवी होती, मग हिरव्या-गुलाबी चौकड्या, मग थेट अक्षता. कन्यादान उघडलंच नाही. मुलगा मान हलवत होता, "असू द्या, असू द्या." मग भावाने एक बारकी क्लिप लावली, जी त्याने एडिटमध्ये टाकायचीही नव्हती. जेवणाची पंगत. वडील फेटा सांभाळत आचाऱ्यावर ओरडताहेत, "मठ्ठा कुठाय? इकडच्या पंगतीला मठ्ठाच न्हाई! मी काय सोता आणू का?" मग कॅमेऱ्याकडे लक्ष जातं, लाजतात, आणि हाताने 'बंद कर ते' अशी खूण करतात. अठ्ठावीस सेकंद. एकही चौकडी नाही.

त्याने ती सहा-सात वेळा पाहिली. मग म्हणाला, "एवढी मोबाइलवर पाठवता का आधी? आईला दाखवतो." आणि पहिल्यांदाच स्टूल जागेवर ठेवून गेला.

बारशाचे एकोणचाळीस फोटो मिळाले, व्हिडिओ नाही. भावाने ते दोन वेगवेगळ्या डिस्कवर टाकले. एक डिस्क गाळ्यात, दुसरी आता दर रविवारी मामा एसटीने बारामतीला आत्याकडे नेऊन ठेवतो आणि आधीची घेऊन येतो. तिकिटाचे पैसे मात्र भावाकडून मागून घेतो.